मुद्देमालाला पाणी घाला, साहेब

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
कोल्हापूर जिल्हा



माझी एकही कुंडी आजवर चोरीला गेलेली नाही, आणि जिल्ह्यातल्या कुठल्या ठाण्याबद्दल माझं गाऱ्हाणंही नाही. तरी हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण यातलं मागणं वेळ येण्याआधीच करायला हवं. उद्या ताराबाई पार्कातल्या किंवा रुईकर कॉलनीतल्या एखाद्या गच्चीवरून बोन्साय चोरीला गेलं आणि चार दिवसांनी तुमच्या माणसांनी चोर पकडून ते परत मिळवलं, तर ते मुद्देमाल खोलीत ठेवू नका. ठेवलंत तर जे चोराच्या हातून झालं नाही ते आपल्या हातून होईल. झाड मरेल, आणि पंचनाम्यात मात्र ‘मिळून आले’ अशी नोंद राहील.

बोन्साय म्हणजे शोभेची कुंडी असा बहुतेकांचा समज असतो, म्हणून थोडं सांगतो. ज्या वडाच्या पारंब्यांखाली गावाचा बाजार भरतो, तोच वड आम्ही दोन-तीन इंच खोल थाळीत वाढवतो. दर दोन-तीन वर्षांनी तो थाळीतून काढायचा, मुळं छाटायची, नव्या मिश्रणात बसवायचा. फांदीला वळण द्यायचं तर तार गुंडाळायची आणि ती सालीत रुतायच्या आत सोडवायची. एक महिना दुर्लक्ष झालं की तारेचा वण पुढची दहा वर्षं दिसत राहतो. मिश्रणात विटांचे तुकडे, बारीक खडी आणि थोडं शेणखत असतं. ते मुद्दामच पाणी धरून ठेवत नाही, कारण धरलं तर मुळं कुजतात. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. बोन्साय करणाऱ्या माणसाला सुट्टीत कोकणात जायचं असेल तर आधी पाण्याची सोय लावावी लागते, मग गाडीची.

चंदनचोर आपल्या भागाला नवे नाहीत. बंगल्याच्या आवारातलं झाड रात्रीत करवतीने पाडायचं आणि खोड घेऊन पसार व्हायचं, ही पद्धत तुमच्या खात्याला पाठ आहे. पण चंदनचोराला हवा असतो गाभा. झाड मेलं तरी त्याचं काही बिघडत नाही, उलट ते मारूनच न्यावं लागतं. बोन्साय मेलं की त्याची किंमत जळणाइतकीही उरत नाही. म्हणजे चोरालाही ते जगवावंच लागतं, आणि कसं जगवायचं हे त्याला बहुधा माहीत नसतं. या चोरीचा तपास इतर चोऱ्यांहून वेगळा होतो तो इथे. दागिना सहा महिन्यांनी सापडला तरी तो दागिनाच असतो. आमच्याकडे वेळ काही दिवसांचा, उन्हाळ्यात काही तासांचा.

जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या साइतामा प्रांतात, कावागुची इथल्या सेइजी आणि फुयुमी इइमुरा या दांपत्याच्या बागेतून सात बोन्साय गेली. त्यातला एक शिंपाकु जुनिपर सुमारे चारशे वर्षांचा होता. एकट्या त्याची किंमत एक कोटी येनच्या वर. सातही मिळून किमान १ कोटी ३० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने ऐंशी लाख रुपयांहून अधिक. बागेत हजारो झाडं असताना नेमकी मोलाचीच गेली, तेव्हा चोर माहितगार असणार हे उघड होतं. आणि त्या घराने काय केलं? फुयुमीबाईंनी समाजमाध्यमावरून चोरांनाच विनंती केली की झाडांना पाणी घाला, आणि पाणी कसं घालायचं तेही समजावून सांगितलं. तो शिंपाकु पाण्याशिवाय आठवड्याहून जास्त टिकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बातमी जगभर छापली गेली ती काहीशी गंमत म्हणून. इकडे ज्यांच्या गच्चीवर चार कुंड्या आहेत त्यांना ती वाचून झोप लागली नसेल.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. फेब्रुवारी २०२०, वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे इथलं पॅसिफिक बोन्साय म्युझियम. तिथून दोन झाडं चोरीला गेली. त्यातला एक जपानी ब्लॅक पाइन होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा जुझाबुरो फुरुझावा यांनी छावणीत पत्र्याच्या डब्यात बी लावून तो वाढवला होता. म्युझियमने ही हकिकत लगेच जगजाहीर केली. झाडं इतकी ओळखीची झाली की ती विकणं अवघड होऊन बसलं. दोन-तीन दिवसांत रात्रीच्या वेळी दोन्ही झाडं म्युझियमच्या रस्त्यावर आणून ठेवलेली सापडली. एकाला थोडी इजा झाली होती, पण दोन्ही जिवंत होती.

इतकं लांब जायलाही नको. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या घरून पंधरा वर्षांचं बोन्साय चोरीला गेलं. पोलिसांनी चोर शोधले. फिर्यादीत किंमत लागली दीड लाख रुपये. साहेबांच्या दारातली कुंडी म्हटल्यावर तपास झटपट होणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला त्या बातमीत मोलाचा वाटतो तो किमतीचा आकडा. कारण तो आकडा लिहिणाऱ्याला हे झाड काय आहे ते कळलं होतं.

आता आपल्याकडचा ठाणे अंमलदार डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळी संपत आलीय, समोर एक निवृत्त मास्तर बसलेत, आणि सांगतायत की गच्चीवरून झाड चोरीला गेलं. केवढं होतं? दीड फूट. कसलं? उंबर. अंमलदार मनात म्हणणार, उंबर तर आमच्या गटारीच्या भिंतीवर पण उगवतो. तो लिहिणार, ‘एक कुंडी झाडासह, अंदाजे किंमत रुपये ५००’. यात त्याचा दोष मी मानत नाही. लहान झाड म्हणजे स्वस्त झाड, असं कुणालाही वाटेल. पण या एका आकड्याने पुढचं सगळं ठरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याचं मोल परत केलं, तर शिक्षा समाजसेवेची. आणि असा गुन्हा अदखलपात्र. मोबाइल, सायकल यांच्या बाबतीत हे एक वेळ समजू शकतो. पण बोन्सायच्या बाबतीत पाचशे लिहिलं की प्रकरण एनसीच्या वहीत जातं, दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपासाला कुणी हलत नाही, आणि ती परवानगी मिळेस्तोवर उंबर वाळलेला असतो. पन्नास हजार लिहिलं की त्याच सकाळी गुन्हा दाखल होतो. गच्ची आणि गॅलरी हा राहत्या घराचाच भाग मानला तर कलम ३०५ सुद्धा बघायला हवं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते लागू होतं की नाही हे सांगायला तुमच्याकडे विधी अधिकारी आहेत. मी फक्त आठवण करून देतो.

मग किंमत ठरवायची कशी? उंचीवरून कधीच नाही. बुंध्याचा घेर, मुळांची पसरण, फांद्यांची बारीक विभागणी आणि मुख्य म्हणजे किती वर्षांची मेहनत, यावरून ठरते. ती तुमच्या अंमलदाराने ठरवावी असं माझं म्हणणं नाही. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग आहे, महापालिकेचं उद्यान खातं आहे, गार्डन्स क्लब आहे. यांतल्या दोघा-तिघा जाणकारांची नावं प्रत्येक ठाण्यात लावून ठेवली तरी पुरे. फोटो पाठवला की तासाभरात अंदाज मिळेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये शहरी झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटलं आहे. जमिनीतल्या पन्नास वर्षांच्या वडाला हा मान असेल, तर आजोबांनी लावून नातवाकडे आलेल्या कुंडीतल्या वडाला फिर्यादीत निदान चार शून्यं तरी मिळावीत.

कायद्याला झाडाची चोरी समजते, असं म्हणायला जागा आहे. जुन्या दंड संहितेत चोरीची व्याख्या करताना १८६० साली जे पहिलंच उदाहरण दिलं ते झाडाचं होतं. दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड पळवण्यासाठी तोडलं की तोडल्या क्षणी चोरी झाली, असं ते उदाहरण. नव्या संहितेतही ते तसंच आहे. जमिनीला जोडलेली वस्तू तोडेपर्यंत चोरीचा विषय होत नाही, हा त्यातला बारकावा. बोन्साय जमिनीला जोडलेलं नसतंच. ते पहिल्यापासून जंगम मालमत्ता आहे. तेव्हा ‘झाडाची चोरी कशी लिहायची’ हा प्रश्नच येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. चोर सापडला, झाड सापडलं, पंचांच्या सह्या झाल्या. आता झाड कुठे ठेवायचं? मुद्देमाल खोलीत जप्तीच्या दुचाकीचे सुटे भाग, तलवारी, गुटख्याची पोती आणि काळोख. मुद्देमाल कारकुनाच्या कामात कुंडीला पाणी घालणं बसत नाही. त्याने हौसेने घातलंच तर पेलाभर वरून ओतणार. मिश्रण इतकं वाळलेलं असतं की पाणी कडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. त्यात जुनिपरसारख्या झाडाची एक फसवी खोड आहे. मुळं मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवंगार दिसतं. न्यायालयात हजर केलेलं हिरवं झाड प्रत्यक्षात मेलेलं असू शकतं. ते मूळ मालकाच्या ताब्यात देऊन सगळे समाधानाने घरी जातील, आणि पंधरा दिवसांनी ते तपकिरी पडेल. अडेनियम किंवा जेड असेल तर महिनाभर कळ काढेल. वड, उंबर, चिंच, कामिनी नाही काढणार.

इथे मला म्हैस आठवते. आपल्या जिल्ह्यात म्हैस चोरीला जाणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर लोक डोळ्यांदेखत धार काढून दूध पितात, तिथे म्हशीच्या मुद्देमालाला कुणी खोलीत कोंडत नाही. वैरण बघितली जाते, पाणी दाखवलं जातं, आणि लवकरात लवकर सुपूर्दनाम्यावर मालकाच्या दावणीला ती परत जाते. तपास चालू राहतो, खटला चालू राहतो, म्हैस दूध देत राहते. बोन्साय हंबरत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि यासाठी नवा नियम करायलाही नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये तपास अधिकाऱ्याला अधिकार दिलेलाच आहे. जप्त माल न्यायालयात नेणं सोयीचं नसेल, ठेवायला योग्य जागा नसेल किंवा तो ताब्यात ठेवण्याची तपासाला गरज नसेल, तर लागेल तेव्हा न्यायालयासमोर हजर करण्याच्या बंधपत्रावर तो माल एखाद्याच्या ताब्यात देता येतो. या तिन्ही अटी बोन्सायला जशाच्या तशा लागू पडतात. पुढे कलम ४९७ प्रमाणे न्यायालय मालाचं विवरण करून त्याचे फोटो-चित्रण करवून घेतं, म्हणजे पुराव्याचीही सोय झाली. मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नये, पंचनामा आणि फोटो करून लवकर सोडावा, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ सालीच सांगितलं आहे. त्याच कलम १०६ मध्ये लवकर नाश पावणाऱ्या, पाचशे रुपयांहून कमी किमतीच्या आणि ज्याचा मालक ठाऊक नाही अशा मालाचा लिलाव करण्याचा अधिकार खुद्द पोलीस अधीक्षकांना आहे. त्या निवृत्त मास्तरांच्या उंबराला कुणी चारशे रुपये किंमत लावली आणि मालक सापडत नाही असं लिहिलं, तर तो तुमच्या सहीने लिलावात निघेल! हसू येतंय, पण कागदावर हे शक्य आहे.

ताब्यात घेताना काय करावं, तेवढं लिहून देतो. पाण्याने भरलेल्या घमेल्यात कुंडी काठापर्यंत बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. मग सावलीत, उघड्यावर, वारा लागेल अशा जागी. आवारातल्या झाडाखाली चालेल. चोराने कुंडी टाकून नुसतं झाड उपटून नेलं असेल, तर मुळं ओल्या पोत्यात गुंडाळायची, ती धुवायची नाहीत. चोरीच्या जागी राहिलेली रिकामी कुंडीही धुवू नये. बोन्साय कुंडीला खालच्या भोकांतून तारेने बांधलेलं असतं. तारेची कापलेली टोकं आणि कुंडीत राहिलेली मुळं सापडलेल्या झाडाशी जुळतात, आणि याहून चांगला पुरावा पंचांनाही देता येणार नाही.

वेळेचं म्हणाल तर आपलं शहर सीमेवर आहे. कागल ओलांडलं की कोगनोळीचा नाका, पुढे निपाणी. पुण्याच्या बाजूला किणीचा नाका. पहाटे उचललेली कुंडी उन्हं तापायच्या आत दुसऱ्या राज्यात पोहोचते. दोन्ही नाक्यांवर कॅमेरे असतात. पण कोणत्या वेळेचं चित्रण बघायचं हे फिर्याद त्याच दिवशी लिहिली तरच कळणार. निपाणीकर पोलिसांना कळवायचं की नाही, हद्द कुणाची, या घोळात एक दुपार गेली तरी खूप झालं.

आमच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आम्ही बोन्सायवाले फार बेसावध असतो. पुष्पप्रदर्शनात कुंडीपुढे नावाचं कार्ड असतं, शेजारी बक्षिसाची फीत, आणि संध्याकाळी गच्चीवरचे सगळे फोटो मोबाइलवर. चोराला वेगळी टेहळणी करावीच लागत नाही. पण म्हणून झाडं लपवून ठेवावीत, हे मला पटत नाही. फेडरल वेची झाडं परत आली ती त्यांची ओळख जगाला होती म्हणून. आमच्यात उणीव आहे ती नोंदीची. प्रत्येक मोलाच्या झाडाचे चार बाजूंनी फोटो, बुंध्याचा घेर, जुन्या कापाच्या आणि तारेच्या वणांचे जवळून घेतलेले फोटो, कुंडीच्या तळाचा शिक्का, हे दर वर्षी काढून ठेवलं पाहिजे. वण हीच झाडाची ओळखपत्रं. हौशी लोकांनी आणखी पुढे जावं. दक्षिण आफ्रिकेत दुर्मीळ सायकॅडच्या खोडात मायक्रोचिप बसवतात, आणि तिथेही केप टाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानातून २०१४ मध्ये चोवीस सायकॅड चोरीला गेलेच. चिपने चोरी थांबत नाही, पण सापडलेलं झाड कुणाचं हा वाद मिटतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकायला हवी. जुना वाडा पाडताना भिंतीतला पिंपळ मालकाला विचारून सोडवून आणणं वेगळं, तो तसाही मलब्यात जाणार असतो. पण राधानगरीच्या बाजूला जंगलात जाऊन वाऱ्याने वेडंवाकडं झालेलं जुनं झुडूप खणून आणायचं आणि प्रदर्शनात ‘वय साठ वर्षे’ म्हणून मांडायचं, हेही कुणीतरी करतं. अभयारण्यातून असं काही आणणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपलं झाड गेलं की पोलिसांकडे धावायचं आणि जंगलाचं आणलं की त्याला छंद म्हणायचं, हे जमणार नाही. अशा कुंडीची फिर्याद घेऊन कुणी आलं, तर मुळाशी जाऊन विचारा. मी रागावणार नाही.

विकत घेणाऱ्यांनाही तुमच्याकडून दोन शब्द गेले तर बरं. नवं हॉटेल, नवा बंगला, सजावटीचं कंत्राट, आणि पंचवीस वर्षांचं झाड तीन हजारांत मिळतंय. ते कुठून आलं हे न विचारता घेणारा माणूस भोळा असतोच असं नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. महामार्गालगतच्या नर्सरीवाल्यांची एक बैठक घेऊन त्यांना एवढंच सांगावं, की मोठं बोन्साय विकायला कुणी अनोळखी आला तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि झाडाचा जुना फोटो मागा. खऱ्या मालकाकडे तो असतोच. आम्ही पोरांचे काढत नाही इतके कुंड्यांचे काढतो.

तुमच्यापुढे खून आहेत, दरोडे आहेत, ऑनलाइन फसवणुकीचे रोजचे आकडे आहेत, गणपतीचा बंदोबस्त आहे. त्यात कुंड्यांसाठी वेगळं पथक मागणारा मी नाही. सर्व ठाण्यांना एक परिपत्रक जावं, इतकंच. बोन्सायची किंमत जाणकाराला विचारून लिहावी, फिर्याद त्याच दिवशी घ्यावी, आणि सापडलेलं झाड फोटो-पंचनामा करून चोवीस तासांत बंधपत्रावर परत द्यावं. मालकाचा पत्ता लागेपर्यंत झाड सांभाळायला माणूस हवा असेल, तर आमच्यातले बरेच जण तयार आहेत. नावं आणि फोन नंबरांची यादी तुमच्या कार्यालयात आणून देतो. रात्री दोनला झाड सापडलं तर दोनलाच फोन करा. घमेलं आमचं आम्ही घेऊन येऊ.

कळावे,
आपला नम्र,
राजारामपुरीतला एक बोन्सायवाला